सासूबाईंचा खेकडा

सासूबाईंच्या पलंगाच्या उशाशी भिंतीत एक खिळा होता आणि त्याला निळ्या दोरीने खेकडा टांगलेला असायचा. खेकडा हे नाव त्यांचंच. बोटाला लावायचा तो छोटा चिमटा रक्तातला ऑक्सिजन आणि नाडीचे ठोके दाखवायचा. तो पहिल्यांदा बोटाला लावला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तुझ्या सासऱ्यांनी जन्मात इतका वेळ माझा हात धरला नाही."

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कापूस पिंजण्याच्या कारखान्यात काढली होती. ती धूळ छातीत बसली ती बसलीच. आता पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र दिवसरात्र गुरगुरत असे आणि त्याची नळी नाकाशी असे. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना समोर बसवून एकच गोष्ट बजावली होती. यांचा ऑक्सिजन उतरला तर या धापा टाकणार नाहीत, यांना गुंगी येईल आणि तुम्हाला वाटेल शांत झोपल्यात. चेहऱ्याकडे बघू नका, आकड्याकडे बघा. अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला की वाट न पाहता घेऊन या.

सुनेला हे लगेच पटलं. ती शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होती. दिसायला स्वच्छ पाणी आणि खरोखर स्वच्छ पाणी यांतला फरक डोळ्यांना कळत नाही, यावरच तिची नोकरी उभी होती.

तिचा नवरा कवळ्या करायचा. गावातल्या चार-पाच दंतवैद्यांकडून जबड्यांचे साचे यायचे आणि पुढच्या खोलीतल्या बाकावर तो गुलाबी मेणात हिरड्या घडवून त्यात एकेक दात बसवायचा. हात असा की मेणावरची सुरी कधी घसरली नाही. पहाटे उठायचा, हत्यारं पुसून मापाने मांडून ठेवायचा, चहाचा दुसरा कप घ्यायचा नाही. दारू नाही, तंबाखू नाही. पाहुण्यांत त्याच्या शिस्तीचा दाखला दिला जायचा. फक्त तो पत्ते खेळायचा, पैसे लावून, टायरच्या दुकानावरच्या क्लबात.

तेही शिस्तीने. मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी, दिवस मावळायच्या आत परत. भांडण झालं असेल त्या दिवशी नाही. उसने घेऊन नाही. नियम त्याने स्वतः केले होते आणि लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याने एकही नियम मोडलेला तिने पाहिला नव्हता. मोडण्याआधी तो बदलायचा. बदलायचा तोही खेळाच्या दिवशी नाही, एखाद्या शांत सकाळी, कारणं नीट मांडून. आधी फक्त शुक्रवार होता. आधी फक्त पुढच्या खिशातले पैसे होते. कवळ्या भाजायची मोठी भट्टी विकली तेव्हाही त्याने महिनाभर आधी सांगितलं होतं, की भट्टीचे पैसे उसने नव्हेत, आपलेच आहेत. त्यानंतर सासूबाईंसाठी दिवसा यायची ती बाई बंद करावी लागली. तिच्या जागी त्याची धाकटी बहीण येऊ लागली. ती जवळच राहायची, शिकवण्या घ्यायची. मंगळवार आणि शुक्रवार दुपार तिने आईसाठी मोकळी ठेवली.

बायकोला त्याच्या नियमांचा राग नव्हता. दोष कुठे आहे ते तिला दिसतं असं तिला वाटायचं. जो खेळतो तोच नियम करतो आणि पाळले की नाही हेही तोच ठरवतो. ज्याचं पाणी त्यानेच तपासायचं, असं तिच्या प्रयोगशाळेत कोणी चालवून घेतलं नसतं. त्याच्या हातात नसलेलं असं काहीतरी मोजायला हवं होतं.

ते तिला चुकून सापडलं. सासूबाईंच्या चिमट्यात नवे सेल घातले होते आणि चालतोय का ते बघायला तिने तो नवऱ्याच्या बोटाला लावला. नाडी बहात्तर. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. क्लबातल्या कोणाचा तरी होता, आज जागा रिकामी आहे, येतोस का. तो अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला, आज नाही, आज माझा वार नाही. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. चिमट्यावरचा आकडा मात्र शंभराच्या वर गेला आणि फोन ठेवल्यावरही बराच वेळ खाली आला नाही.

दोघांनीही तो पाहिला.

"हे घे," ती म्हणाली. "हे तुला फसवणार नाही."

नवा नियम तिने केला. क्लबात जायच्या आधी चिमटा लावायचा. नाडी ऐंशीच्या वर असेल तर जायचं नाही. तिथे गेल्यावरही अर्ध्या-अर्ध्या तासाने लावायचा आणि ऐंशी ओलांडली की पत्ते खाली ठेवून उठायचं. त्याला ती कल्पना इतकी आवडली की तिला जरा आश्चर्यच वाटलं. त्याने जाऊन एक स्वस्तातला चिमटा स्वतःसाठी विकत आणला. दिसायला सासूबाईंच्या चिमट्यासारखाच, पांढरा.

पहिले कित्येक आठवडे तो जाऊच शकला नाही. मंगळवारी दुपारी कपडे करून खुर्चीत बसायचा, बोट चिमट्यात, आणि आकडा पंच्याण्णवच्या आसपास घुटमळायचा. मग तो उठून शर्ट बदलायचा आणि बाकावर जाऊन बसायचा. सासूबाई पलंगावरून बघत असायच्या. "आज परीक्षेत नापास वाटतं," असं म्हणायच्या आणि खोकत हसायच्या. ते दिवस घरात सगळ्यांनाच चांगले गेले. नणंद म्हणाली, वहिनी, हे तू आधीच का नाही केलंस.

मग आकडा खाली यायला लागला. अठ्ठ्याऐंशी, चौऱ्याऐंशी, एके दिवशी एकोणऐंशी. तो गेला आणि तासाभरात उठून परत आला. क्लबात त्याला सगळे पेशंट म्हणायला लागले होते. पेशंट आले, पंखा लावा. पेशंटला चांगली पानं देऊ नका, जीव जायचा. हे तोच घरी येऊन सांगायचा, हसत. लपवायचं नाही हाही नियम होता. आकडा कसा उतरवायचा तेही त्याने लपवलं नाही. श्वास लांब सोडायचा आणि मनातल्या मनात दाढ कोरायची. दाढेचे चार उंचवटे, मधली खाच, एकेक करत. दाढ पुरी होईपर्यंत नाडी उतरते.

तिला वाटलं, दुखणं उतरतंय.

त्याच्या चिमट्याचा एक त्रास मात्र होता. घरी सासूबाईंच्या चिमट्यावर पंच्याहत्तर असायची आणि क्लबात त्याच्या चिमट्यावर ऐंशीच्या वर. हातात चांगली पानं असताना त्याला उठावं लागायचं. त्याने तक्रार केली तेव्हा तिने दोन्ही चिमटे आळीपाळीने त्याच्या आणि स्वतःच्या बोटाला लावून पाहिले. ऑक्सिजन दोन्हींवर अठ्ठ्याण्णवच्या आसपास, पण नाडी नवा चिमटा पाच-सहा ठोके जास्त दाखवत होता. तिने तसं सांगितलं.

"मग मर्यादा शहाऐंशी धरू," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच, समजूतदार.

ती ठाम राहिली. आजवरचा प्रत्येक नियम त्याने असाच हळूहळू ताणला होता. "मर्यादा बदलायची नाही," ती म्हणाली. "यंत्र बदल."

दुसरं घेतो म्हणाला. विषय तिथेच संपला.

त्या मंगळवारी सकाळी ती पाण्याच्या मोठ्या टाकीवर होती. टाकीतला क्लोरीन मोजणारी कांडी दोन दिवस एकच आकडा दाखवत होती, दशांशही न हलता. अशा वेळी काय करायचं ते तिथल्या कोणालाही विचारावं लागत नाही. पाणी कधी इतकं स्थिर नसतं, म्हणून आधी कांडी बाहेर काढून बघायची. तिने काढली. टोकावर शेवाळाचा पातळ थर बसला होता. कांडी पाण्याचं काही सांगत नव्हतीच, स्वतःवरच्या शेवाळाचं सांगत होती. तिने ती ब्रशने घासली, क्लोरीन किती ते माहीत असलेल्या पाण्यात बुडवून तपासली आणि परत सोडली. आकडा हलायला लागला. घरी नवऱ्याचा आकडा कित्येक दिवस पंच्याहत्तरच्या वर-खाली स्थिर होता. हरून आला तरी, जिंकून आला तरी. हे तिला तेव्हा आठवलं नाही.

संध्याकाळ व्हायच्या सुमाराला नणंदेचा फोन आला. आई कधीची झोपली आहे आणि हाक मारली तर डोळे उघडत नाही. तिने आकडा विचारला.

"चौऱ्याण्णव. सगळा वेळ चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच आहे, वहिनी. पण ओठ असे काय दिसतायत?"

कसे दिसतायत हे तिने विचारलं नाही. रुग्णवाहिका बोलव म्हणाली आणि तशीच निघाली.

रुग्णालयात लावलेल्या यंत्रावर आकडा साठच्याही खाली होता. छातीत सकाळपासूनच जंतुसंसर्ग भरत आला असणार, डॉक्टर म्हणाले. दुपारी आणलं असतं तर काही करता आलं असतं. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, घरी मोजत नव्हतात का.

"मोजत होते," नणंद म्हणाली. "दर अर्ध्या तासाने मोजत होते." डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. ते न विचारणं नणंदेला कळलं.

नवरा थोड्या वेळाने पोचला. पळत आला होता पण धाप लागलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई गेल्या, शुद्धीवर न येताच.

घरी आल्यावर नणंद स्वतःच्या घरी गेली नाही. सासूबाईंच्या खोलीत, रिकाम्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसून राहिली. जेवायला हाक मारली की ताटावर येऊन बसायची आणि उठून जायची. कोणी काही विचारलं नाही तरी मध्येच सांगायची, मी डुलकी काढली नव्हती. मी फोनवर नव्हते. मग विचारायची की आपण आकडा उलटा तर वाचला नसेल. नवरा तिच्या पाठीवर हात ठेवायचा. "तुझी काही चूक नाही गं," म्हणायचा. हे तो फार मायेने म्हणायचा, आणि कोणाची आहे ते म्हणायचा नाही.

दोन दिवसांनी ऑक्सिजनचं यंत्र परत द्यायचं म्हणून बायको त्या खोलीत नळ्या गुंडाळायला गेली. नणंद आंघोळीला गेली होती. खिळ्यावर निळी दोरी, दोरीला चिमटा. तिने तो सवयीने उतरवला आणि सेल काढून ठेवावेत म्हणून उलटा केला. सासूबाईंच्या चिमट्याचं सेलचं झाकण कधीचं तुटलेलं होतं आणि नवऱ्याने ते गुलाबी मेणाचा ठिपका देऊन बसवलं होतं. या झाकणावर मेण नव्हतं. झाकण तुटलेलंच नव्हतं.

ती चिमटा हातात धरून थोडा वेळ उभी राहिली. दोरी तीच होती, सासूबाईंच्या बोटांनी मळलेली. दोरी सोडून या चिमट्याला पुन्हा नीट गाठ मारून बांधली होती.

पुढच्या खोलीत नवरा बाकावर होता. दोन कवळ्या द्यायच्या राहिल्या होत्या. ती त्याच्या समोर बसली. बाकावरच्या डब्यातून तिने मेणाची एक कांडी उचलली, बोटाएवढी जाड, गुलाबी. चिमट्यात घातली.

चिमटा काही क्षण विचार करत राहिला. मग आकडा आला. ऑक्सिजन चौऱ्याण्णव. नाडी ब्याऐंशी. तिने कांडी काढली, फिरवून पुन्हा घातली. पंच्याण्णव.

नवऱ्याने सुरी खाली ठेवली. नेहमीप्रमाणे पुसून, तिच्या जागी. मग शर्टाच्या खिशातून दुसरा चिमटा काढून बाकावर ठेवला. झाकणावर मेणाचा ठिपका होता.

त्याने काही नाकारलं नाही. शांतपणे सगळं सांगितलं. मंगळवारी निघताना त्याच्या चिमट्यावर ब्याऐंशी होती आणि आईच्या चिमट्यावर सत्त्याहत्तर. आईचा खरा, हे तिनेच तपासून सांगितलं होतं. क्लबातही खराच हवा, नाहीतर मोजण्यात अर्थ काय. पण आईला चिमट्याशिवाय ठेवणं त्याला बरं वाटलं नाही, म्हणून त्याने आपला तिथे टांगला. निळी दोरी त्याला बांधली, कारण बहीण दोरी बघून घेते, ती गोंधळायला नको. ऑक्सिजन दोन्हींवर सारखाच येतो, हेही तिनेच पाहिलं होतं.

तिने पाहिलं होतं. धडधाकट माणसांच्या दोन बोटांवर. कुठलंही यंत्र नुसतं वरच्या टोकाला तपासून वापरात घेत नाहीत, हे तिला झोपेतही ठाऊक होतं. खालचं टोक तपासायला लागणारं बोट घरातच होतं, पलीकडच्या खोलीत.

"मी आईला उघड्यावर टाकून गेलो नव्हतो," तो म्हणाला. "माझा वार होता. बहीण घरात होती. नाडी ऐंशीच्या आत होती. त्या दिवशी पानं कशी येत होती तुला सांगून पटणार नाही, तरी ऐंशी झाली तसा उठलो. मी एकही नियम मोडला नाही."

"नाही मोडलास," ती म्हणाली.

आतून आंघोळीचं पाणी पडल्याचा आवाज येत होता. त्याने तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तिला सांगू नकोस. मी कायमचं सोडतो. आजपासून. तू सांगायचं नाही आणि मी पत्त्यांना हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम, आणि याला बदल नाही. लिहून देऊ?"

त्याचे डोळे भरून आले होते. तो आईसाठी कळवळत होता यात तिला शंका नव्हती. बहिणीने आपल्याला या नजरेने बघू नये हेही खरंच होतं. आणि सोडतो म्हणत होता तेही, त्या घटकेला, खरंच असणार. तिने बाकावरचा चिमटा उचलला, मेणाचा ठिपका असलेला.

"हात दे."

त्याने हात पुढे केला. नाडी अठ्ठ्याण्णव आली, ठोके थडथडत होते. मग त्याने श्वास सोडला, लांब. पापणी अर्धी खाली आली. त्र्याण्णव. सत्त्याऐंशी. तो तिच्याकडे बघत होता आणि बघत नव्हताही. गालावर पाणी तसंच होतं. एकोणऐंशी. चौऱ्याहत्तर.

"दाढ कोरतोयस?" तिने विचारलं.

आकडा एकाहत्तरवर येऊन थांबला.

तिने चिमटा काढून बाकावर ठेवला. मेणाची कांडी आणि दुसरा चिमटा घेऊन ती उठली. पाण्याचा आवाज थांबला होता. नणंद केस पुसत आईच्या खोलीत आली आणि सवयीने त्याच खुर्चीत बसली.

"तू आकडा बरोबर वाचलास," वहिनी म्हणाली. मग तिने कांडीला चिमटा लावून तिच्या हातात दिला.

नणंदेने आधी कांडीकडे पाहिलं, मग आकड्याकडे. बराच वेळ तिला काही उमगलं नाही. वहिनीने मग सगळं सांगितलं, काहीही मागे न ठेवता. कोणता चिमटा कोणाचा होता, तो का बदलला, दोरी कोणी बांधली. यंत्र बदल असं आपणच म्हणालो होतो आणि ते नीट तपासलं नव्हतं, तेही. सांगताना तिचा आवाज प्रयोगशाळेत असतो तसा होता. दुसरा कुठला आवाज तिला तेव्हा सापडला नाही.

"मी दर अर्ध्या तासाने बघत होते," नणंद म्हणाली.

"हो."

"मध्ये तिने एकदा डोळे उघडले होते. म्हणाली, खेकडा आज हलका लागतोय. मी हसले, वहिनी. मला वाटलं मजेत आहे."

तिने चिमटा कांडीवरून काढला नाही. दोन्ही हातांत धरून बसली. चौऱ्याण्णव. पंच्याण्णव. चौऱ्याण्णव. ऑक्सिजनचं यंत्र बंद असल्यामुळे खोलीत इतकी शांतता होती की बाहेरच्या खोलीतला प्रत्येक आवाज ऐकू येत होता. खुर्ची सरकली. हत्यारांचा डबा मिटला. मग दाराची कडी निघाली आणि जिन्यावरून पावलं उतरत गेली, घाई नसलेली.

"कुठे गेला?" नणंदेने विचारलं.

बायको उठून पुढच्या खोलीत गेली. अर्धी झालेली कवळी ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेली होती. सुरी, पट्टी, मेणाचा डबा, सगळं मापाने मांडलेलं. बाकावर तिने ठेवलेला चिमटा मात्र नव्हता.

शुक्रवार होता आणि दुपार नुकती कलली होती.